प्रकृती अस्वास्थ्यामुळे

आस्थापना शाखेत नोकरी केलेल्या माणसाला मध्यरात्री उठवून विचारलं तरी एक वाक्य तो न अडखळता म्हणून दाखवील : ‘प्रकृती अस्वास्थ्यामुळे मी दिनांक अमुक ते दिनांक तमुक कामावर हजर राहू शकलो नाही, तरी सदर कालावधीची रजा मंजूर व्हावी ही विनंती.’ जिल्ह्यातल्या एका नगर परिषदेत माझी जवळजवळ सगळी नोकरी या वाक्याच्या संगतीत गेली. डेंग्यू झाला तरी हेच वाक्य, भाचीच्या लग्नाला गेलं तरी हेच, आणि गटार उपसताना फुटक्या बाटलीनं तळपाय चिरून टाके पडले तरी हेच. सफाई कामगार अर्ज स्वतः क्वचितच लिहायचे. ऑफिससमोरच्या झेरॉक्सवाल्याकडं छापील अर्ज मिळायचा. नाव आणि तारखा भरल्या, की काम झालं. कारणाची ओळ आधीच छापलेली. त्यामुळं रजेच्या हिशेबात सगळे एका रांगेत बसायचे आणि कामावर जखमी झालेला माणूस त्या रांगेत ओळखूच यायचा नाही.

मी राहते खाप्याला. सावनेर तालुक्यातलं, कन्हान नदीकाठचं गाव. जुन्या लोकांना ते हातमागांसाठी माहीत, पुढच्यांना जवळच्या गुमगावच्या मँगनीज खाणीसाठी. ही खाण मॉयलची, म्हणजे केंद्र सरकारच्या कंपनीची. माझे सासरे, म्हणजे मामाजी, मँगनीजच्या कामात मायनिंग मेट होते. भूमिगत खाणीत उतरणाऱ्या एका टोळीची जबाबदारी मेटच्या डोक्यावर असते. त्यामुळं निवृत्तीनंतरही घरात कुणाचं बोट विळ्यावर कापलं तरी मामाजी आधी ‘किती वाजता?’ असं विचारायचे, मग हळद शोधायचे.

एका संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता मी सहज बोलून गेले, की आज आमच्याकडं एका बाईच्या हातावर कचऱ्याच्या ट्रॅक्टरचं फाळकं पडलं, करंगळीचं हाड मोडलं.

‘‘फॉर्म भरला काय?’’

‘‘हो, रजेचा अर्ज घेतला.’’

‘‘रजेचा नाही विचारून राहिलो सूनबाई, लागल्याचा.’’

‘‘लागल्याचा फॉर्म आमच्याकडं नाही मामाजी.’’

त्यांना हे खरंच वाटेना. ‘‘खाण बी सरकारची, नगर परिषद बी सरकारचीच. मंग तुमच्याकडचं हाड हाड नोहे काय?’’

त्यानंतर कित्येक दिवस जेवणानंतर माझी शाळा भरायची. तेव्हा खाण कायदा १९५२ चा होता. मामाजींना कलमांचे आकडे पाठ नव्हते, पण कामाची रीत पाठ होती. मी नंतर पुस्तक आणून ताडून पाहिलं, तर त्यांचं बोलणं बहुतेक बरोबर निघालं. खाणीत माणूस चोवीस तासांहून जास्त वेळ कामावर येऊ शकला नाही, तर ती इजा वहीत चढायची. बहात्तर तास किंवा त्याहून जास्त वेळ येऊ शकणार नसेल, तर ती ‘रिपोर्टेबल’ व्हायची. आणि शरीराचा कुठलाही भाग कायमचा गेला, डोळा किंवा कान अधू झाला, किंवा हाड मोडलं, मग ते हातापायाच्या बोटाचं एखादं पेरं का असेना, तर ती गंभीर इजा. धातूच्या खाणींसाठी १९६१ ची वेगळी नियमावली आहे. तिच्यात नमुना चारचे अ, ब आणि क असे तीन कागद आहेत : अपघात झाल्याबरोबर सूचना, सात दिवसांत तपशील, आणि माणूस कामावर परतल्यावर आणखी एक. म्हणजे माणूस परत आला की नाही, हेही सरकारला कळवावं लागतं. मला या तिसऱ्या कागदाचं फार अप्रूप वाटलं. आमच्याकडं माणूस परतल्याची एकच खूण, त्या महिन्याचं पगारपत्रक.

कुणी दगावलं किंवा गंभीर जखमी झालं, तर ती जागा निरीक्षक येईपर्यंत किंवा बहात्तर तास उलटेपर्यंत हलवायची नाही, असंही त्या कायद्यात होतं. आणखी धोका टाळायचा असेल तरच हात लावायचा. आमच्या ट्रॅक्टरचं ते फाळकं दुसऱ्या दिवशी सकाळी तारेनं बांधून पुन्हा कामाला लागलं होतं.

ही सगळी शिस्त काही कुणाच्या दयेतून आलेली नाही. खाण सुरक्षेचं खातं १९०२ चं आहे. आज त्याला खाण सुरक्षा महासंचालनालय म्हणतात, मुख्यालय धनबादला आणि कार्यालय नागपुरातही. एकेका रकान्यामागं एकेक दुर्घटना आहे. आमच्या भागातून फार लांब नाही अशा छिंदवाड्याकडच्या न्यूटन चिखली कोळसा खाणीत १९५४ च्या डिसेंबरात पाणी शिरलं आणि ६३ माणसं गेली. १९७५ मध्ये चासनाल्याच्या खाणीत ३७५. या तारखा आणि हे आकडे आज मला सांगता येतात, कारण ते लिहून ठेवायची सक्ती कुणावर तरी होती. राज्यातल्या नगर परिषदांच्या गटारांत, पाण्याच्या टाक्यांवर, कचरा डेपोंवर इतक्या वर्षांत किती हातपाय मोडले, हे सांगा म्हटलं तर मी कुठल्या कपाटाकडं बोट दाखवू?

खाणीतलं सगळंच धुतल्या तांदळासारखं असतं, असं मात्र समजू नका. जिथं रेघ असते, तिथं रेघेच्या अलीकडं पाय ठेवायची कलाही असते. बहात्तर तासांच्या आत माणसाला कसंबसं आणून बसवायचं, हजेरी लावायची, ‘हलकं काम’ म्हणून दिव्यांच्या खोलीत किंवा गेटजवळ खुर्ची द्यायची, आणि रिपोर्टेबल इजा रिपोर्टेबल होऊ द्यायची नाही. ही युक्ती जगभरच्या खाणींना आणि कारखान्यांना ठाऊक आहे. सुरक्षा सप्ताहात बक्षीस मिळायचं असेल, तर आणखीच ठाऊक असते. मामाजी यावर हसून म्हणायचे, ‘‘चोरी व्हाले बी घरात काही पाहिजे ना. तुमच्याकडं तर चोराले काही कामच नाही.’’

बोलण्यात खोच होती, पण खोट नव्हती.

आता कुणी म्हणेल, सरकारी नोकरांसाठी नियम नाहीत काय? आहेत. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम १९८१ मध्ये ‘विशेष विकलांगता रजा’ नावाचा प्रकार आहे. कर्तव्य बजावताना अपघातानं इजा झाली, तर ही रजा मिळू शकते, जास्तीत जास्त चोवीस महिन्यांपर्यंत. अट अशी, की घटनेपासून तीन महिन्यांच्या आत विकलांगता दिसून यायला हवी आणि माणसानं ती विनाविलंब कार्यालयाच्या नजरेस आणून द्यायला हवी. आमच्याकडचं रजेचं कामही याच पुस्तकानं चालायचं. पण ही रजा मागणारं प्रकरण टेबलावर आलेलं मला फारसं आठवत नाही. येणार कसं? इजा कामावर झाली याला पुरावा काय, असा पहिला प्रश्न लेखा शाखेचा. पुराव्यादाखल फाईलला काय लागलेलं, तर तोच छापील अर्ज. त्यात कामगारानं स्वतःच्या सहीनं किंवा अंगठ्यानं लिहून दिलेलं, की आपली प्रकृती ठीक नव्हती. झेरॉक्सवाल्याच्या एका ओळीनं माणसाचा हक्क तिथंच संपायचा. पाय चिरल्याचं दवाखान्याच्या चिठ्ठीवर असायचं, पण पाय कुठं चिरला हे डॉक्टर लिहीत नाहीत, आणि त्यांना कुणी विचारतही नाही.

कंत्राटी कामगारांचं तर त्याहून अवघड. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यात ठेकेदाराच्या माणसाला इजा झाली तर मूळ मालकावर जबाबदारी येते, मग त्यानं ती रक्कम ठेकेदाराकडून वसूल करावी, असं कलम होतं. तीन दिवसांपेक्षा जास्त अक्षमता हवी, दावा दोन वर्षांत करायला हवा. वाचायला छान. पण ठेकेदाराच्या माणसाची हजेरी ठेकेदाराकडं. माणूस पडला की त्या दिवसापासून तो गैरहजर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या जागी त्याचा भाऊ किंवा भाचा झाडू घेऊन उभा. देयकात माणसांची संख्या तेवढीच, गाव तेवढंच स्वच्छ. नगर परिषदेच्या दृष्टीनं घडलं काय? काहीच नाही.

इथं एका बाईची गोष्ट सांगते. सकाळच्या पाळीत कचऱ्याची पिशवी उचलताना तिच्या तळहातात सुई घुसली. वापरून टाकलेली सिरिंज. एखाद्या घरची असेल, नाहीतर छोट्या दवाखान्याची. तिनं सुई काढून फेकली, हात नळाखाली धुतला, पाळी पूर्ण केली आणि दुपारी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हात सुजला तेव्हा रजेसाठी माझ्याकडं आली. मी विचारलं, ‘‘डॉक्टरांना सुई लागल्याचं सांगितलं?’’ म्हणाली, ‘‘काहीतरी टोचलं म्हनून सांगितलं जी.’’ अशी सुई टोचली तर एचआयव्हीपासून बचावाची औषधं शक्यतो दोन तासांत आणि फार तर बहात्तर तासांत सुरू करावी लागतात, ही गोष्ट मला एका परिचारिका मैत्रिणीनं त्या संध्याकाळी सांगितली. तोवर बहात्तर तास होऊन गेले होते. पुढं तपासण्या झाल्या. बाई सुखरूप राहिली, एवढं सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको.

त्या मैत्रिणीनं आणखी एक सांगितलं ते माझ्या डोक्यात बसलं. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत, त्यांतला नमुना एक म्हणजे अपघाताचा अहवाल. अपघात किती वाजता झाला, कसकसा घडत गेला, कोणता कचरा होता, काय इलाज केला, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, हे सगळं त्यात विचारलंय. मोठा अपघात असेल तर चोवीस तासांत लेखी कळवायचं, बाकीचे वार्षिक अहवालात द्यायचे. म्हणजे हीच सुई दवाखान्याच्या आत नर्सला टोचली असती, तर तिला कागद होता. कंपाउंडच्या भिंतीबाहेर झाडणाऱ्या बाईला टोचली तर नाही. मग मी घनकचऱ्याचे नियम काढले, तेही तेव्हा २०१६ चेच होते. त्यांत नमुना सहा अपघाताचा होता, आणि मला क्षणभर फार आनंद झाला. बारकाईनं वाचलं, तर तो कचरा प्रक्रिया केंद्र आणि भरावभूमी इथल्या अपघातांसाठी. डेपोवर पाय घसरला तर नमुना सहा, आणि डेपोवर नेण्यासाठी कचरा गल्लीतून उचलताना पाय घसरला तर झेरॉक्सवाला.

आमची नगर परिषद वाईट होती असं नाही. हातमोजे यायचे, गमबूट यायचे, फ्लोरोसंट जॅकेट यायचे. त्यांची साठा नोंदवही अगदी चोख असायची : किती जोड आले, किती वाटले, किती शिल्लक. लेखापरीक्षक ती वही मागायचा. मोज्यांच्या आतल्या हातांची वही त्यानं कधी मागितली नाही, म्हणून ती कुणी ठेवली नाही. सरकारी कार्यालयात जे तपासलं जातं तेच लिहिलं जातं, आणि याला मी कुणा एका मुख्याधिकाऱ्याचा दोष म्हणणार नाही. वार्षिक प्रशासन अहवालात करवसुली येते, जन्ममृत्यूच्या नोंदी येतात, दिवाबत्ती येते. इजांचं पान नसतं.

मग २०२० साल आलं. राज्य सरकारनं २९ मे २०२० ला शासन निर्णय काढला : कोविडच्या कामावर असताना कर्मचारी दगावला तर कुटुंबाला ५० लाख रुपये. त्यात अट होती, की दवाखान्यात भरती होण्यापूर्वी किंवा मृत्यूपूर्वी चौदा दिवसांच्या काळात तो कर्तव्यावर हजर असायला हवा, आणि तसं प्रमाणित व्हायला हवं. आमचा एक फवारणी कामगार गेला. हायपोक्लोराइटचा पंप पाठीवर घेऊन सगळं गाव फिरलेला माणूस. सगळ्यांनी त्याला फिरताना पाहिलेलं. पण कागदावर? बायोमेट्रिक बंद होतं, कामाचे आदेश फोनवर दिलेले, वॉर्डातल्या हजेरीपत्रकावर कुणाच्या सह्या आठवड्याच्या एकदम, कुणाच्या नाहीतच. प्रस्ताव वरून त्रुटी लावून परत आला : ‘संबंधित कर्मचारी सदर कालावधीत प्रत्यक्ष कोविडविषयक कर्तव्यावर होता याबाबतचा पुरावा जोडावा.’

त्याची बायको रोज येऊन बाकड्यावर बसायची. काही विचारायची नाही. आम्ही मोबाइलमधले फोटो शोधले, पण पंप पाठीवर आणि तोंडावर फडकं बांधलेला माणूस कोण, हे फोटोवरून कसं शाबीत करायचं? शेवटी जमादार आपल्या खिशातली डायरी घेऊन आला. एलआयसीची, बोटभर जाडीची, घामानं फुगलेली. माणूस वर्षानुवर्षं स्वतःपुरतं लिहीत होता, कारण कोणाला कुठं पाठवलं हे त्याच्या लक्षात राहायचं नाही. एका पानावर होतं : ‘वार्ड ७, दवाखान्यामागं, फवारा, पंप गळते, डोये झोंबले, दुपारी सुट्टी देली.’ आणि पुढं त्या माणसाचं नाव. अशी पानामागून पानं. झेरॉक्स काढल्या, साक्षांकित केल्या, जोडल्या. उशिरा का होईना, प्रस्ताव मंजूर झाला.

ती डायरी मी एका रविवारी घरी आणून सगळी वाचली. मामाजींनाही दाखवली. त्यांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि म्हणाले, ‘‘हेच तर रजिस्टर आहे.’’ खरंच होतं. कोणाला विंचू चावला, कोणाच्या पायात खिळा गेला, कोण उन्हानं चक्कर येऊन पडला, कोणाच्या अंगावर कुत्रं धावलं, सगळं त्यात. ज्या नोंदी सरकारनं ठेवायच्या, त्या एक माणूस पदरच्या पेननं ठेवत होता. आणि त्याला वाटत होतं, की हे आपलं खासगी काम.

त्यानंतर मी शाखेत एक वही घातली. जाड पुठ्ठ्याची, रूळ मारलेली. रकाने मामाजींनी सांगितले तसे : तारीख, वेळ, जागा, कोणतं काम चालू होतं, कशानं लागलं, शरीराला कुठं, उपचार कुठं घेतला, किती दिवस काम बुडालं, कायम की कंत्राटी, आणि शेवटचा रकाना ‘पुन्हा होऊ नये म्हणून’. मुख्याधिकारी साहेबांकडं सहीला नेली. साहेबांनी उलटून पालटून पाहिली आणि सरकारी माणसाच्या मनात पहिल्यांदा येतो तोच प्रश्न विचारला : ‘‘हे उद्या कोणी माहिती अधिकारात मागितलं तर?’’ मी म्हटलं, ‘‘तर देऊ.’’ ते काही बोलले नाहीत. सही केली नाही, पण बंदही करा म्हणाले नाहीत. सरकारी भाषेत याला परवानगी म्हणतात.

स्वच्छता निरीक्षकांना ती वही म्हणजे त्यांच्यावरचं किटाळ वाटलं. कामगारांना ती पगार कापायची नवी तऱ्हा वाटली. ‘‘म्याडम, तुमी काईबी लिहा, पन खाडा नका मांडू,’’ हे मी किती जणांकडून ऐकलं असेल! कंत्राटी तर दारात उभेही राहायचे नाहीत. ठेकेदाराला कळलं की काढून टाकेल, ही भीती. शेवटी जमादारच सायंकाळी येऊन सांगायचा आणि मी लिहायची. पहिले काही महिने वही भराभरा भरत गेली, तेव्हा एका बैठकीत कुणीतरी काळजीनं म्हणालं, ‘‘मॅडमनी वही घातल्यापासून अपघात वाढले.’’ हसू नका. मंत्रालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत आकड्यांकडं याच नजरेनं पाहिलं जातं. नोंद सुरू झाली की संख्या वाढते, आणि वाढलेली संख्या म्हणजे नापास. मग शून्य कुणाला नको असतं?

पण त्या वहीनं एक काम केलं. एका गल्लीच्या तोंडाशी गटाराचा एक ढापा होता, एका कडेनं खचलेला. त्याच्यावर पाय पडून कुणाचा घोटा मुरगळला, कुणाची नडगी खरचटली, एकाची गाडी उलटून हातावर आली. वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या माणसांना. सुट्या सुट्या पाहिल्या तर किरकोळ गोष्टी. वहीत मात्र ‘जागा’ या रकान्यात तोच ढापा पुन्हा पुन्हा. मी ती पानं बांधकाम शाखेच्या टेबलावर नेऊन ठेवली. ढापा बदलला गेला. अमेरिकेत हाइनरिख नावाच्या विमा कंपनीतल्या माणसानं १९३१ मध्ये मांडलं होतं, की एका मोठ्या दुखापतीमागं २९ किरकोळ दुखापती आणि दुखापत न होता टळलेले ३०० प्रसंग असतात. त्या आकड्यांवर पुढं पुष्कळ वाद झाले, पण त्याचा त्रिकोण सुरक्षेच्या पोस्टरांवर अजून दिसतो. मला आकड्याशी कर्तव्य नाही. त्या ढाप्यात कुणाचा पाय मोडण्याआधी तो बदलला, एवढं मला पुरे.

आजारांपुढं मात्र माझ्या वहीनं हात टेकले. जखमेला तारीख असते, आजाराला नसते. मँगनीजच्या धुळीनं मज्जासंस्थेवर परिणाम होतो, चाल बिघडते, हे ग्लासगोच्या कूपर नावाच्या डॉक्टरानं १८३७ मध्येच लिहून ठेवलं. आपल्याकडं मँगनीजची विषबाधा आणि सिलिकोसिस हे कळवण्याचे आजार ठरले. खाणीतल्या माणसात असा आजार दिसला, तर तपासणाऱ्या डॉक्टरानंही तो वर कळवायचा, असा कायदा झाला. खाणीत माणूस लागतानाच त्याची तपासणी होते, छातीचा फोटो निघतो, आणि पुढं पाच-पाच वर्षांच्या आत पुन्हा. त्यामुळं वीस वर्षांनी खोकला लागला, तर आधीच्या फोटोशी ताडून पाहता येतं. आमच्या झाडूवाल्या बाईचा रुजू होतानाचा एकच कागद सेवापुस्तकात असतो, ‘शारीरिकदृष्ट्या पात्र’ असा. त्यानंतर ती वीस-पंचवीस वर्षं रस्त्याची धूळ घेते, आणि दम लागायला लागला की तो तिचा घरचा दमा. चुलीचा असेल, तंबाखूचा असेल, आनुवंशिक असेल. असेलही. पण तुलनेला काही ठेवलंच नाही, तर कामाचा नव्हता असं तरी कोणत्या तोंडानं म्हणायचं? त्या रकान्यात मी काय लिहिणार होते? दम लागल्याची वेळ?

माझ्या निवृत्तीनंतर, २१ नोव्हेंबर २०२५ ला चार श्रमसंहिता लागू झाल्या. व्यावसायिक सुरक्षेच्या २०२० च्या संहितेत खाण कायदाही सामावला, कारखान्यांचाही. मी ती मुद्दाम आणून वाचली. अपघात कळवण्याची कलमं आहेत, आजार कळवण्याची आहेत. आणि सुरुवातीलाच लिहिलंय, की ही संहिता केंद्र सरकारच्या आणि राज्य सरकारच्या कार्यालयांना लागू नाही. त्या कार्यालयांत ठेकेदारामार्फत लावलेल्या कंत्राटी कामगारांना मात्र लागू. म्हणजे सरकारी कार्यालयात एकाच जिन्यावरून दोन शिपाई पडले, एक कायम आणि एक कंत्राटी, तर या कायद्याला दिसेल तो फक्त कंत्राटी. तोही ठेकेदारानं दिसू दिला तर. अमेरिकेत २००५ पासून केंद्र सरकारच्या खात्यांनाही खासगी कारखान्यांसारखीच इजांची आणि आजारांची नोंद ठेवावी लागते, मग ते जंगलखातं असो की माजी सैनिकांचे दवाखाने. तिथं सगळं आलबेल आहे असं नव्हे. पण जो नियम दुसऱ्याला लावला, तो सरकारनं स्वतःलाही लावून घेतला. आपल्या सरकारला दुसऱ्याच्या खाणीतलं बोटाचं पेरं मोजता येतं, मग स्वतःच्या कचेरीतलं का येऊ नये? याला अज्ञान म्हणता येणार नाही. कायदा लिहिणाऱ्यानं ते वाक्य विचार करूनच लिहिलंय.

माझी वही मी चार्जच्या यादीत लिहून दिली. यादीत तिचं नाव ‘इतर नोंदवह्या’ या सदरात गेलं, कारण दुसरं सदर नव्हतं. माझ्या जागी आलेला मुलगा हुशार आहे. वही चालू ठेवली आहे, असं म्हणतो.

तुम्ही नगर परिषदेत, जिल्हा परिषदेत, सरकारी दवाखान्यात, कुठल्याही कचेरीत असाल आणि कामावर असताना लागलं, तर त्याच दिवशी साध्या कागदावर चार ओळी लिहा : किती वाजता, कुठं, कोणतं काम चालू होतं, सोबत कोण होतं. डॉक्टरांना सांगून ‘कामावर असताना इजा’ हे शब्द चिठ्ठीवर घालून घ्या. सुई टोचली असेल तर आधी दवाखाना, मग कागद. आणि आस्थापनेत बसणाऱ्या माझ्या भावाबहिणींनो, तो कागद रजेच्या अर्जाला टाचू नका, वेगळा आवक करा आणि सेवापुस्तकात नोंद घ्या. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. कामगारानं आवक शिक्का मारलेली प्रत मात्र घरी ठेवावी, ऑफिसात नाही.